संघ नावांवर जोखू नका : मुंबई सिटीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

विंचूर, लासलगाव, निफाड या पट्ट्यात क्रिकेटचं वेड जुनंच आहे, पण फुटबॉल मनापासून पाहणारी पोरंही आता कमी नाहीत. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा सध्या एकच संघ आहे, मुंबई सिटी एफसी. अंधेरीच्या मैदानावर खेळणारा हा संघ आपण इथे बसून आपलाच मानतो. हंगामाआधी खेळाडूंची यादी आली की कोण आला, कोण गेला, प्रशिक्षक टिकेल का, यावर तावातावाने बोलणं होतं. ही आस्था मोलाची आहे. पण त्या बोलण्यातली बरीच मतं चुकीच्या गृहीतकांवर उभी असतात. संघाची ताकद कशात असते हे कळलं, तर निराशाही योग्य जागी होईल आणि अपेक्षाही. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही समज इथे एकेक करून तपासले आहेत.

गैरसमज १ : मोठं परदेशी नाव आलं की संघ भक्कम झाला.

वस्तुस्थिती : मुंबई सिटीची स्थापना २०१४ ची. पहिल्याच हंगामात आर्सेनलचा माजी खेळाडू फ्रेडी ल्युंगबर्ग संघात होता आणि निकोला अनेल्काही. ल्युंगबर्गला दुखापतींमुळे मोजकेच सामने खेळता आले आणि आठ संघांत मुंबई सातवी राहिली. पुढच्या वर्षी अनेल्काला खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी दिली. त्या हंगामात सुनील छेत्रीने संघासाठी हॅटट्रिक केली, आयएसएलमधली ती भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक होती. तरी संघ सहावा आला.

२०१६ मध्ये उरुग्वेचा दिएगो फोर्लान आला आणि संघ साखळीत अव्वल ठरला. पण तेव्हा प्रशिक्षकही अनुभवी होते. कोस्टा रिकाला दोन विश्वचषकांत घेऊन गेलेले अलेक्झांडर गिमारेस संघ बांधत होते. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात फोर्लानला लाल कार्ड मिळालं, दुसऱ्या सामन्यात तो नव्हता आणि मुंबईला एकही गोल करता आला नाही. एका नावावर उभा असलेला संघ ते नाव बाहेर बसलं की कसा अडतो, हे तिथे दिसलं.

गैरसमज २ : परदेशी खेळाडू चांगले निवडले की बाकीचे कसेही चालतात.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत महागात पडणारा समज आहे. २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये एका वेळी मैदानावर जास्तीत जास्त चार परदेशी खेळाडू उतरवता येतात. म्हणजे अकरापैकी किमान सात भारतीय. यादी हातात आली की आपण नेमके ते चार वाचतो आणि सात सोडून देतो. विंचूरच्या उपबाजारात कांद्याची ट्रॉली वरच्या थरावर जोखली जाते. खाली करताना तळचा माल वेगळा निघाला की वांधा पडतो. संघाच्या यादीचंही तसंच आहे, कस लागतो तो तळच्या सात जणांचा.

२०२२-२३ चा मुंबई सिटीचा संघ आठवा. २० सामन्यांत ४६ गुण, ५४ गोल आणि सलग १८ सामने अपराजित. ग्रेग स्ट्युअर्ट, होर्हे पेरेरा दियाज, आल्बेर्तो नोगेरा हे परदेशी खेळाडू उत्तम होतेच. पण गोलरक्षक फुर्बा लाचेन्पा, बचावात राहुल भेके आणि मेहताब सिंग, मधल्या फळीत अपुइया, दोन बाजूंना लालियनझुआला छांगते आणि बिपिन सिंग असा भारतीय कणा त्यांच्यामागे होता. छांगतेने त्या हंगामात १० गोल केले, सहा गोलांना साहाय्य केलं आणि सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान मिळवला. बदली म्हणून कोणी आत आलं तरी खेळाची लय तुटत नसे. परदेशी खेळाडू बाजारात पुन्हा मिळतो. त्या दर्जाचे सात भारतीय एकत्र मिळायला मात्र वर्षं लागतात, कारण असे खेळाडू देशातच मोजके आहेत आणि सगळे क्लब त्यांच्याच मागे असतात.

गैरसमज ३ : एक हंगाम बिघडला की प्रशिक्षक बदलावा, सगळं सुधारतं.

वस्तुस्थिती : मुंबई सिटीचाच इतिहास याच्या उलट सांगतो. सर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१ मध्ये साखळीची लीग शील्ड आणि अंतिम सामन्याचा चषक, दोन्ही एकाच हंगामात जिंकून दिले. असं करणारा हा पहिला संघ. पुढच्या हंगामाच्या तोंडावर लोबेरा गेले. गोलरक्षक अमरिंदर सिंग, ह्युगो बुमू, बार्थोलोम्यू ओगबेचे हेही गेले. नवे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या हाती अर्धा मोडलेला संघ आला. तो पाचवा राहिला आणि उपांत्य फेरी हुकली.

तेव्हाच त्यांना काढलं असतं तर? क्लबने त्यांना ठेवलं. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता. विजयी गोल राहुल भेकेचा. पुढच्याच हंगामात वर सांगितलेली ४६ गुणांची शील्ड आली. २०२३ च्या नोव्हेंबरात बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले आणि २०२४ मध्ये त्या क्लबला वरच्या श्रेणीत घेऊन गेले. पहिल्या हंगामातला पाचवा क्रमांक त्यांच्या कुवतीचा आरसा नव्हता, हातात असलेल्या संघाचा होता.

त्यामुळे प्रशिक्षकाला तपासताना नुसता क्रमांक पाहू नये. त्याला कोणता संघ मिळाला, तयारीला किती आठवडे मिळाले, त्याच्या हाताखाली तरुण खेळाडू सुधारले का, हे तीन प्रश्न विचारावेत.

गैरसमज ४ : खेळाडू गेला म्हणजे क्लबने विकला किंवा त्याने दगा दिला.

वस्तुस्थिती : फुटबॉलमध्ये करार संपला की खेळाडू मोकळा होतो आणि जुन्या क्लबला बदलीची रक्कम मिळत नाही. करार संपायला सहा महिने उरले की तो दुसऱ्या क्लबशी बोलणी करून पुढचा करार ठरवू शकतो. त्याआधीच न्यायचा असेल तर नव्या क्लबला रक्कम मोजावी लागते. त्यात आयएसएलमध्ये संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे. सगळ्यांना मनासारखा पगार देऊन धरून ठेवणं कोणत्याच क्लबला शक्य नसतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात हेच घडलं. २०२३-२४ चा चषक जिंकून काही आठवडे होतात तोच अपुइया मोहन बागानकडे गेला. राहुल भेके, नोगेरा आणि पेरेरा दियाज तिघेही बंगळुरूला गेले. स्ट्युअर्ट त्याआधीच हंगामाच्या मध्यात गेला होता. प्रशिक्षक तेच होते, बकिंगहॅम यांच्यानंतर आलेले पेत्र क्रात्की, तरी २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत ३६ गुण आणि सहावा क्रमांक हाती आला. बाद फेरीत त्याच बंगळुरूने मुंबईला ५-० ने हरवलं. नंतर २०२५ मध्ये बिपिन ईस्ट बंगालकडे आणि मेहताब मोहन बागानकडे गेला. २०२२-२३ चा कणा असा दोन वर्षांत सुटा झाला. खेळाडूंवर राग काढण्यात अर्थ नाही. प्रश्न विचारायचा तो क्लबला : कोणाचा करार कधी संपतो आणि त्याच्या जागी कोणाला तयार केलं आहे?

गैरसमज ५ : गुणतक्त्यात पहिला तोच विजेता.

वस्तुस्थिती : आयएसएलमध्ये २०२४-२५ पर्यंत दोन वेगळे मान होते. साखळीत अव्वल येणाऱ्याला शील्ड, बाद फेरी जिंकणाऱ्याला चषक. २०२३ मध्ये मुंबईला शील्ड मिळाली, पण उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पेनल्टींवर हार झाली. २०२३-२४ मध्ये उलटं झालं. शेवटच्या साखळी सामन्यात मोहन बागानने शील्ड हिरावली आणि ४ मे २०२४ ला कोलकात्यात मुंबईने त्यांनाच ३-१ ने हरवून चषक उचलला. संघाची खरी ताकद शील्ड सांगते, कारण ती महिनोन्महिने टिकून मिळते. बाद फेरीत एका रात्रीचा खेळ आणि थोडं नशीबही लागतं.

गैरसमज ६ : भारतीय प्रशिक्षकाला मोठा संघ झेपत नाही.

वस्तुस्थिती : खालिद जमील यांच्याकडे पाहा. मुंबईत महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियासाठी खेळलेला हा माणूस २००९ पासून २०१६ पर्यंत मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी मिझोरमचं आयझॉल घेतलं. तो संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता आणि नंतर पुन्हा आत घेतला गेला होता. २०१६-१७ मध्ये त्याच संघाने आय-लीग जिंकली. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला उपांत्य फेरीत नेल्यावर ते आयएसएलमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. जमशेदपूरलाही त्यांनी २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरी गाठून दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या जागी बसला.

राष्ट्रीय संघासोबतचं चित्र मात्र संमिश्र आहे. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. पण ही घसरण त्यांच्या येण्याआधीच सुरू झाली होती. त्याच पात्रता फेरीत बांगलादेशशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून हार आधीच्या प्रशिक्षकाच्या काळातली होती.

मूळ दुखणं खोल आहे. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत आयएसएलमधला सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. क्लब परदेशी खेळाडूंच्या जागा बहुतेक पुढच्या फळीत वापरतात, त्यामुळे भारतीय स्ट्रायकर बाकावर किंवा बाजूच्या जागांवर वाढतो. निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं ते याचमुळे. क्लबच्या यादीतली निवड राष्ट्रीय संघाला अशी भोवते.

गैरसमज ७ : महाराष्ट्रात फुटबॉलपटू घडतच नाहीत.

वस्तुस्थिती : रियाधमधला तो विजयी गोल करणारा राहुल भेके मुंबईचा. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. खेळाडू घडतात, पण वरच्या पायऱ्या तुटल्या आहेत. महिंद्रा युनायटेड, मुंबई एफसी, पुणे एफसी, एफसी पुणे सिटी असे एकेक क्लब बंद पडले. जिल्ह्यातल्या मुलाला वर जायला क्लबच उरले नाहीत, ही खरी अडचण आहे.

गैरसमज ८ : मोठा मालक गेला, आता संघ संपला.

वस्तुस्थिती : मँचेस्टर सिटीच्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के समभाग घेतले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो समूह बाहेर पडला. लीगच्या भवितव्याबद्दलची अनिश्चितता हे त्यामागचं कारण होतं. हंगाम इतका लांबला की २०२५-२६ ची लीग फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाली आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला १३ च साखळी सामने आले.

याचा फटका बसणार, हे मान्य करायला हवं. बकिंगहॅम आणि त्यांच्यानंतरचे पेत्र क्रात्की दोघेही त्याच समूहाच्या मेलबर्न सिटीतून आले होते. योग्य प्रशिक्षक आणि परदेशी खेळाडू हेरणारी ती यंत्रणा आता हाताशी नाही. पण संघ संपत नाही. समूहाकडून आलेले प्रशिक्षकही जिंकले ते छांगते, बिपिन, अपुइया यांच्या जोरावर, आणि भारतीय खेळाडू ओळखायला मँचेस्टर लागत नाही. इथली मैदानं पाहणारी माणसं लागतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुंबई सिटीची पुढची दोन-तीन वर्षं महागड्या नावांवर ठरणार नाहीत. हाती आहेत त्या भारतीय खेळाडूंचे करार वेळेत वाढवणं, कोल्हापूर, पुणे, नाशिकसारख्या जिल्ह्यांतली मुलं शोधणं आणि प्रशिक्षकाला किमान दोन हंगाम देणं, या तीन गोष्टी क्लबने केल्या तर संघ पुन्हा शील्डसाठी लढेल. नाही केल्या तर मधल्या क्रमांकावरच रेंगाळेल.

आपल्या भागातल्या फुटबॉलप्रेमींना एक विनंती. पुढची यादी जाहीर होईल तेव्हा आधी सात भारतीय नावं वाचा, त्यांची वयं आणि करार पाहा, आणि मगच परदेशी नावांकडे वळा. १३ सामन्यांच्या निकालावर प्रशिक्षकाचा निकाल लावू नका. आणि गावात एखादा पोरगा चांगला खेळताना दिसला, तर त्याला जिल्ह्याच्या निवड चाचणीला नक्की पाठवा.