आधी जागा, मग पुतळा

माझी मावसबहीण सौंसरला दिली आहे. तिच्याकडे गेले की दर वेळी आपल्याच भागात आल्यासारखे वाटते. घरात मराठी, दुकानाच्या पाटीवर हिंदी आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ. आपल्याकडे हिंदीच्या जागी कन्नड, एवढाच फरक! १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. त्यामुळे सीमेवरच्या या गावांची काही दुखणी सारखीच आहेत. त्यांतले एक म्हणजे चौकातला पुतळा.

फेब्रुवारी २०२० मध्ये सौंसरच्या मोहगाव तिठ्यावर बसवलेला शिवाजी महाराजांचा पुतळा परवानगी नसल्याचे सांगून प्रशासनाने जेसीबी लावून काढला. लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेळगावजवळ पिरनवाडीत संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्यावरून काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिलेच. शेवटी चौकाला शिवाजी महाराजांचे नाव आणि पुतळा रायण्णांचा, असा तोडगा निघाला. दोन्ही वीर आपलेच. भांडण त्यांच्यात कधीच नव्हते, भांडण जागेचे होते.

मग जागेचा विचार आधी का करू नये? सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजीच सांगितले होते, की रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये. कारण साधे आहे. चौकाच्या मधोमध उंच चौथरा आला की गाडीवाल्याला पलीकडचे दिसत नाही आणि पायी माणसाला पुतळ्यापर्यंत पोहोचता येत नाही. जयंतीला हार पडतो, एरवी भोवती फ्लेक्स लागतात. अशाने गावाची शोभा वाढते का?

घाईही तितकीच वाईट. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील महाराजांच्या पुतळ्याचे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. ब्राँझचा पुतळा म्हणजे आधी मातीचा नमुना, मग साचा, मग ओतकाम, आणि आत भार पेलणारा सांगाडा. तो सांगाडा गंजला तर वरचे देखणेपण काय कामाचे?

याउलट कोल्हापूरजवळचा कणेरी मठ आठवा, किंवा शिग्गावजवळच्या गोटगोडीचे उत्सव रॉक गार्डन. तिथे शेतकरी, कारागीर, गुरेढोरे यांची शिल्पे आहेत. मुले त्यांच्याभोवती रमतात आणि आजी-आजोबा नातवंडांना 'हे आमच्या घरी होते' असे मराठीत नि कन्नडमध्ये सांगतात. तिथे कुणी कुणाची भाषा विचारत नाही. पण त्यासाठी मुद्दाम सहल काढावी लागते. असे एखादे शिल्प आपल्या बसस्टँडजवळ, तळ्याकाठी का नसावे?

पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा-सावरगाव यांच्यात गोटमार होते. दरवर्षी माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. त्यावर बोलणे निघाले तेव्हा बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "गोटे फेकाले हजार हात हायेत, घडवाले एक नाही." मी गप्पच झाले. ज्या मुलखात पोळा एवढा मोठा, तिथे नदीकाठी दगडी बैलजोडी का नसावी? संत्र्यांचा हा मुलूख. मग संत्री तोडणारी बाई का नसावी?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नवे रस्ते, नवे चौक. जागा आधी ठरवण्याची संधी त्यांना आहे. आपल्यालाही आहे. नगरपालिकेत पुतळ्याचा विषय निघाला तर आपण चार प्रश्न विचारूया. जागा कुणाची? तिथे सावली आणि बसायला कट्टा आहे का? दहा वर्षांनी देखभाल कोण करणार? आणि पाटी दोन्ही लिपींत असेल ना?

चौथे उत्तर 'हो' आले, तर निम्मे भांडण तिथेच मिटेल.