पुस्तकांच्या कपाटावर एक दिवा

सीमाभागात मराठी वाचनाची परंपरा जुनी आहे; बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे. आज मात्र आपली बरीच मुले इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. त्यांच्या हाती मराठी पुस्तक पडायचे ते घरातच. ते अंधाऱ्या कोपऱ्यातल्या कपाटात असेल, तर दिसणार कसे?

पूर्वी भिंतीतल्या दिवळीतला दिवा हवा तिथे उजेड देई. तेच काम ग्रंथालयांत असतात तसे भिंतीवरचे दांडीचे दिवे करतात. दांडीमुळे दिवा कपाटाच्या पुढे येतो, उजेड थेट पुस्तकांवर पडतो आणि नावे वाचता येतात. छताच्या मध्यावरचा दिवा पाठीमागे राहतो, त्यामुळे कपाटावर आपलीच सावली पडते; इथे ती अडचण नाही.

दिवा एलईडी, 3000 केल्विनच्या आसपासचा पिवळसर घ्यावा. जुन्या बल्बइतका तो तापत नाही. खर्चाचा हिशेबही सोपा आहे : 5 वॉटचा दिवा रोज 4 तास लावला, तर 30 दिवसांत 0.6 युनिट, 40 वॉटच्या जुन्या बल्बला 4.8 युनिट.

आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. अशा भिंतीवर दिवा बसवू नये, कपाटही तिला टेकवू नये. वायरिंग जाणकार वायरमनकडूनच, अर्थिंगसह करून घ्यावे. मुलांच्या हाताला येणाऱ्या कप्प्यांत त्यांच्या वयाची मराठी पुस्तके ठेवावीत आणि संध्याकाळी दिवा आठवणीने लावावा.