टॉवर हिलवरचा वारा

कामशेतच्या टॉवर हिलवर भर दुपारी गेलं, तर हवेत बहुधा कोणीच नसतं. पॅराग्लायडिंग करणारी पायलट मंडळी पिशव्या न सोडता गवतावर बसलेली असतात, तोंडं पश्चिमेकडे. विंडसॉक अगदी आडवा. नवख्याला वाटतं, एवढा वारा म्हणजे उडायला उत्तमच. पण पॅराग्लायडरचा स्वतःचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला तर तो जागीच लटकतो. वारा आणखी वाढला की डोंगरामागे ढकलला जातो. तिकडे, कडा ओलांडून खाली कोसळणाऱ्या हवेत भोवरे असतात आणि त्यात पंख मिटू शकतो. म्हणून थांबायचं.

हे थांबणं रिकामं नसतं. मावळात राब भाजायचे दिवस असले, की खालच्या शिवारातला धूर किती कलतो ते पाहायचं. उतारावरच्या गवतातून येणारी वाऱ्याची झुळूक मोजायची, दोन झुळकांमधला वेळही. घार पंख न हलवता चकरा मारत वर चढली, की तिथे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत, म्हणजे थर्मल, सुटलाय हे सगळ्यांना एकदम कळतं. वारा उतरल्यासारखा वाटला तर एखादा जुना पायलट आधी निघतो. तो कसा तरंगतो हे बघूनच इतरांचे हात पिशव्यांकडे जातात.

या खेळातलं अवघड शिक्षण जमिनीवरच होतं, असं माझं ठाम मत आहे. हँग ग्लायडरला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो. पॅराग्लायडरच्या पंखाला आकार देते ती फक्त आत शिरलेली हवा. १९७८ साली फ्रान्समधल्या मियुसीच्या उतारावरून तीन पॅराशूटपटू धावत निघाले, तिथून या खेळाची सुरुवात झाली. आजच्या पंखालाही हवेशिवाय आधार नाही. म्हणून ग्राउंड हँडलिंग. वाऱ्याकडे पाठ, पंखाकडे तोंड. पुढच्या दोऱ्यांचे रायझर उचलले की कापड फुगून डोक्यावर येतं. ते डावीकडे कललं, की हात त्याला उजवीकडे ओढायला जातात. करायचं उलट असतं: आपणच डावीकडे, त्याच्याखाली धावायचं. ब्रेक हलकेच धरायचे, बोटांना ताण जाणवेल एवढेच. पंख स्थिर झाल्यावर वळायचं आणि पुढे झुकून धावायचं. त्याआधी मांड्यांचे पट्टे पुन्हा एकदा तपासायचे. ते विसरून पायलट दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

हवेत पंख सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतच असतो. डोंगरावर आपटून वर वळणारा वारा त्याहून जोराने चढत असेल, तर आपण वर जातो. चढ-उतार सांगणाऱ्या व्हेरिओची टिकटिक घाईची होते. याच अरुंद पट्ट्यात सगळे येजा करतात, म्हणून नियम कडक: समोरासमोर आल्यावर डोंगर ज्याच्या डाव्या हाताला, त्याने उजवीकडे बाहेर सरायचं. थर्मलमध्ये पहिला ज्या दिशेने वळला, त्याच दिशेने मागून येणाऱ्यांनी वळायचं. अनुभव कितीही असो, यात कोणाला सूट नसते.

खाली उतरल्यावर घड्या घालताना प्रत्येक जण सांगू लागतो: कड्याच्या टोकाशी हवा खडबडीत होती, घळीवर गेलो तर सिंक, म्हणजे खाली ओढणारी हवा, लागला, शेताच्या बांधाजवळ वारा फिरतोय. नुकतं शिकायला आलेलं पोरही हे सांगतं आणि जुने पायलट कान देऊन ऐकतात, कारण त्या घळीवरून उद्या त्यांना जायचं असतं.