पाऊस आपला, हिशेब सर्वांचा

भारतातील वेधशाळांमध्ये पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात. आठ नाही, नऊ नाही, साडेआठच का? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. उत्तर भूगोलाच्या पुस्तकातील रेखावृत्तांच्या धड्यात दडलेले आहे. आपली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा ग्रीनिच वेळेप्रमाणे पहाटेचे तीन वाजलेले असतात. जगभरातील हवामान केंद्रे ग्रीनिच वेळेनुसार मध्यरात्रीपासून दर तीन तासांनी हवेचा दाब, तापमान, वारा यांच्या नोंदी घेतात. आपली साडेआठची वेळ ही त्यांतलीच एक. म्हणजे रत्नागिरीला निरीक्षक वहीत आकडे लिहीत असतो त्याच वेळी नैरोबी आणि टोकियोतही नोंद होत असते. घड्याळे वेगवेगळी, पण क्षण एकच.

इतका खटाटोप कशासाठी?

पाण्याचा प्रवास

समुद्रातून वाफ होऊन वर गेलेले पाणी हवेत सरासरी आठ-दहा दिवस राहते. वारा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहतो आहे असे समजू या. नऊ दिवसांत तो किती अंतर जाईल? सुमारे ७,८०० किलोमीटर! आपल्या मोसमी पावसाचे काही बाष्प अरबी समुद्रातून येते, तर काही विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील हिंदी महासागरातून. तिकडून निघालेले वारे केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात आणि वळून भारताकडे येतात. तेव्हा कोयना धरणात साठणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडायचा तर सुरुवात मादागास्करच्या बाजूच्या समुद्रापासून करावी लागते. कोणताही एक देश, कितीही श्रीमंत असला तरी, हा हिशेब एकट्याने ठेवू शकत नाही.

करार कसे झाले?

हे सर्वप्रथम दर्यावर्दींच्या लक्षात आले. अमेरिकन नौदलातील अधिकारी मॅथ्यू मोरी यांच्या पुढाकाराने १८५३ साली ब्रुसेल्स येथे परिषद भरली. जहाजांवरील वारा-पाण्याच्या नोंदी एकाच नमुन्यात लिहाव्यात असे तेथे ठरले. १८७३ साली व्हिएन्नात भरलेल्या परिषदेतून आंतरराष्ट्रीय हवामानशास्त्रीय संघटना उभी राहिली. तिची जागा पुढे जागतिक हवामान संघटनेने घेतली. या संघटनेचा करार २३ मार्च १९५० रोजी अमलात आला, म्हणून २३ मार्च हा जागतिक हवामान दिन. १९६३ साली या संघटनेने सर्व देशांच्या नोंदी एकमेकांना तत्काळ पोचवणारी योजना सुरू केली. तिची तीन जागतिक केंद्रे होती वॉशिंग्टन, मॉस्को आणि मेलबर्न. शीतयुद्धाचा तो काळ! राजकारणात एकमेकांचे तोंड न पाहणारे देश हवेच्या दाबाचे आकडे मात्र देत-घेत होते. कारण सरळ आहे. शेजाऱ्याचे आकडे नसतील तर आपलाच अंदाज चुकतो.

आंब्याचे झाड आणि हवामानबदल

उद्याच्या अंदाजासाठी आकडे लवकर मिळणे पुरते. पण पाऊसमान पन्नास वर्षांत बदलले का, हे सांगायचे तर आणखी एक अट आहे. मोजण्याची पद्धत बदलता कामा नये.

समजा, शाळेच्या मैदानात पर्जन्यमापक बसवला आणि त्याच वर्षी शेजारी आंब्याचे रोप लावले. वीस वर्षांत झाड डेरेदार झाले. आता वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस फांद्यांत अडतो आणि मापकात कमी पाणी पडते. वही म्हणेल, पाऊस घटला. खरे तर झाड वाढले! म्हणून मापकाभोवतीचा अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवा. उपकरण बदलायचे झाल्यास जुने व नवे काही काळ शेजारी शेजारी चालवावे लागते.

असे नियम सर्व देशांनी पाळावेत यासाठी १९९२ साली जागतिक हवामान निरीक्षण प्रणाली स्थापन झाली. कोणत्या गोष्टी मोजल्याच पाहिजेत याची यादी तिने केली. आज त्या यादीत पन्नासाहून अधिक राशी आहेत. पाऊस, नदीचा प्रवाह, जमिनीतील ओल, भूजल, बर्फ हे जलचक्राचे घटक त्यात येतात.

अर्धे मैदान

आता एक गणित. पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरू. असे १ लाख मापक एकमेकांना चिकटवून मांडले तर किती जागा व्यापतील? फक्त २,००० चौरस मीटर. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असाच हिशेब होता. जगातील उपलब्ध पर्जन्यमापकांची सगळी तोंडे एकत्र केली तरी फुटबॉलचे अर्धे मैदानही भरत नाही, असे त्यात दिसले. तेवढ्यावरून आपण साऱ्या पृथ्वीचा पाऊस सांगतो!

मधली रिकामी जागा उपग्रह भरून काढतात. अमेरिका व जपान यांनी २०१४ साली सोडलेला उपग्रह इतर देशांच्या उपग्रहांच्या नोंदींना एका मापात बसवतो. भारत-फ्रान्सचा २०११ मधील मेघा-ट्रॉपिक्सही या कामात सहभागी होता. पण उपग्रह पाऊस मोजत नाही, ढगांतून येणाऱ्या लहरींवरून तो ओळखतो. ओळख बरोबर की चूक हे जमिनीवरचा मापकच ठरवतो. म्हणून उपग्रह आले की मापक नकोत, असे म्हणणे आम्हां संशोधकांना धोक्याचे वाटते.

जिथे देवाणघेवाण अडते

हवेचे आकडे देश सहज देतात, नदीचे देताना हात आखडतो. पाणीवाटपाचे तंटे त्यात गुंतलेले असतात. ब्रह्मपुत्रेच्या पावसाळ्यातील प्रवाहाची माहिती चीनने भारताला द्यावी असा करार २००२ साली झाला. २०१७ च्या पावसाळ्यात मात्र ही माहिती मिळाली नाही, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले. केंद्रांचे नूतनीकरण चालू असल्याचे कारण चीनने दिले. कारण कोणतेही असो, वरची पातळी कळली नाही की खालच्या गावाला पुराची पूर्वसूचना देण्याचा वेळ तेवढा कमी होतो. हवामान संघटनेने मुक्त देवाणघेवाणीचे ठराव १९९५, १९९९ आणि २०२१ मध्ये केले. पण ठराव पाळणे अखेर प्रत्येक देशाच्या हाती असते.

शाळेत काय करता येईल?

शाळेत पर्जन्यमापक बसवावा आणि रोज साडेआठलाच वाचावा. पाऊस नसेल तेव्हा जागा कोरी न सोडता शून्य लिहावे. कोरी जागा म्हणजे 'मोजले नाही', शून्य म्हणजे 'पडला नाही'. मापक हलवला तर तारखेसह नोंद करावी. मग शेजारच्या दोन शाळांच्या वह्या एकत्र मांडाव्यात. तीन गावांचे आकडे जुळवताना कोणत्या अडचणी येतात हे विद्यार्थ्यांनी स्वतः अनुभवले, की जगातील देशांना हे काम दीडशेहून अधिक वर्षे का पुरले आहे ते वेगळे शिकवावे लागणार नाही.