आकाशगंगेची शिरगणती

धनू राशीच्या दिशेला, सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. मधली धूळ त्याचा दृश्य प्रकाश जवळपास 30 प्रतींनी (प्रत हे ताऱ्यांचं तेज मोजण्याचं एकक) मंदावते. एक लाख कोटी प्रकाशकण निघाले तर जेमतेम एक इथवर पोचतो. तरीही या भागाचा आकार आज बराचसा ठाऊक आहे, आणि त्यात तारे मोजण्याच्या जुन्या पद्धतीचा वाटा मोठा आहे. मात्र कोणता तारा मोजायचा आणि कोणत्या प्रकाशात, हे ठरल्याशिवाय ही मोजणी दिशाभूलच करते. विल्यम हर्शेल यांनी आकाशाचे शेकडो तुकडे मोजून 1785 मध्ये आकाशगंगेचा आराखडा मांडला, तेव्हा सगळे तारे सारख्या तेजाचे आणि सारखे विखुरलेले धरले होते. सूर्य जवळजवळ मध्यावर आला. याकोबुस कापटाइन यांच्याकडे छायाचित्रं होती, तारकागतींची नोंद होती, कितीतरी काटेकोर गणित होतं. तरी 1922 च्या त्यांच्या प्रतिमानातही सूर्य केंद्राजवळच राहिला. धूळ हिशेबात नव्हती. ती खरोखरच आड येते, हे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांवरून 1930 मध्ये दाखवलं.

पुढे अवरक्त प्रकाश हाती आला, ज्यात केंद्राचं तेज तीनेक प्रतींनीच घटतं. तितकीच महत्त्वाची ठरली ताऱ्यांची निवड. गाभ्यात हेलियम जाळणाऱ्या ‘रेड क्लम्प’ ताऱ्यांचं मूळ तेज बरंचसं एकसारखं असतं, त्यामुळे ते किती मंद दिसतात यावरून अंतर काढता येतं. 1994 मध्ये ओगल या आकाशनिरीक्षण प्रकल्पाच्या नोंदींत केंद्राच्या एका बाजूचे असे तारे दुसऱ्या बाजूपेक्षा सुमारे 0.37 प्रतीने तेजस्वी आढळले. केंद्राभोवतीचा ताऱ्यांचा फुगवटा गोल असता तर हा फरक पडला नसता; तिथे लांबट दंड आहे आणि त्याचं एक टोक आपल्याकडे झुकलेलं आहे. 2005 मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने टिपलेल्या सुमारे तीन कोटी ताऱ्यांच्या मोजणीतून दंडाची अर्धी लांबी 14 हजार प्रकाशवर्षांच्या आसपास निघाली.

दोन बाजूंच्या तेजातला फरक हा धुळीचाच खेळ असेल, अशी शंका रास्त आहे. पण धूळ प्रकाश मंद करते तशी तांबूसही करते, म्हणून रंगावरून तिचा परिणाम वजा करता येतो. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: रेड क्लम्पचं तेज वयावर आणि जडमूलद्रव्यांवरही थोडं अवलंबून असतं. 2010 मध्ये फुगवट्यात या ताऱ्यांचे दोन थर दिसले, तेव्हा बहुतेकांनी त्यात इंग्रजी एक्स अक्षरासारखी रचना पाहिली. काहींनी मात्र ताऱ्यांच्या दोन वेगळ्या पिढ्या. दंडाचा आपल्या दृष्टिरेषेशी होणारा कोनही एका मोजणीत 44 अंश येतो, दुसरीत 30 च्या आसपास. गाया या अवकाश दुर्बिणीने ताऱ्यांची अंतरं थेट मोजली असताना हा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. पण गाया दृश्य प्रकाशातच पाहत होती, आणि केंद्रापाशी मोजायचा लंबनकोन (ज्यावरून अंतर काढतात) एका कोनीय सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाएवढा असतो. त्या गर्दीत आणि धुळीत अवरक्त मोजणीला अजून पर्याय नाही.