चिनी ऋतुचर्या : घ्यावे काय, टाळावे काय?

ऋतू पालटला की आहार-विहारही पालटावा, हा विचार आयुर्वेदाने ऋतुचर्या या नावाने आपल्याकडे रुजवला. चीनच्या पारंपरिक वैद्यकातही तो तितकाच मध्यवर्ती आहे. आता चिनी वनौषधींचे चहा, चूर्णे आणि गोळ्या ऑनलाइन बाजारातून घरपोच मिळतात. अशा वेळी या परंपरेतील पथ्य कोणते आणि विक्रीचा माल कोणता, हे वेगळे करून पाहणे आवश्यक आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला ‘हुआंगती नेइचिंग’ हा ग्रंथ या वैद्यकाचा पाया मानला जातो. त्यातील एका प्रकरणात चार ऋतूंची दिनचर्या येते. वसंतात व ग्रीष्मात उशिरा निजून लवकर उठावे, शरदात लवकर निजून कोंबड्याबरोबर उठावे, हिवाळ्यात मात्र सूर्य वर आल्यावरच अंथरूण सोडावे, असा तिचा आशय. दिवसाच्या लांबीप्रमाणे निद्रेची वेळ बदलावी, हे त्यामागील सूत्र. रोग जडल्यावर उपचार करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे, हा आपल्या परिचयाचा दृष्टान्तही त्याच प्रकरणात आहे.

या वैद्यकात प्रत्येक ऋतूला एक अवयव जोडलेला आहे : वसंताला यकृत, ग्रीष्माला हृदय, उन्हाळ्याच्या दमट उत्तरार्धाला प्लीहा, शरदाला फुप्फुस आणि हिवाळ्याला मूत्रपिंड. मात्र ही नावे शरीरक्रियांच्या समूहांची आहेत. उदाहरणार्थ, ‘प्लीहा’ म्हणजे प्रामुख्याने पचनशक्ती. त्यामुळे ‘प्लीहा दुर्बल आहे’ या विधानाला आधुनिक वैद्यकातील निदान समजू नये.

प्रत्यक्ष आहार साधाच असतो. उन्हाळ्यात हिरव्या मुगाचे पातळ कढण, शरदातील कोरड्या हवेत शिजवलेले नाशपती, हिवाळ्यात आले घातलेले मटणाचे सूप. दमट दिवसांत थंड, कच्चे व तेलकट पदार्थ कमी करून ऊन पेजेवर भर दिला जातो. पेजेचे महत्त्व गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको.

तथापि, हे वेळापत्रक जसेच्या तसे उचलता येत नाही. चिनी पंचांगात सूर्याच्या गतीनुसार वर्षाचे 24 भाग पाडले आहेत. युनेस्कोने 2016 मध्ये या पद्धतीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ही पद्धत पीत नदीच्या खोऱ्यातील हवामानावर आधारलेली आहे. तिच्यानुसार 7 किंवा 8 ऑगस्टला शरद सुरू होतो. त्या वेळी गोव्यात पावसाची झड लागलेली असते. तेव्हा कोरड्या हवेचे पथ्य आपल्याला निरुपयोगी. दमट हवेचे पथ्य मात्र जून ते सप्टेंबर उपयोगी पडेल. तारीख न पाहता हवा पाहावी.

खरा धोका औषधांत आहे. 1990 च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या सुमारे शंभर जणांची मूत्रपिंडे गंभीररीत्या बिघडली. त्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. चिनी नावांतील साम्यामुळे एका वनस्पतीऐवजी दुसरीच वापरली गेली होती. तिच्यातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडांना घातक असून ते कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे. आपल्याकडील ईश्वरी ही वेलही त्याच कुळातील आहे. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, ही समजूत किती महागात पडते, हे यावरून ध्यानी यावे.

म्हणून ऋतुमानाप्रमाणे निद्रा, चालणे आणि ताजा, ऊन आहार हे खुशाल स्वीकारावे. त्याला खर्चही नाही. घटकांची नावे स्पष्ट नसलेली चूर्णे व गोळ्या मात्र टाळाव्यात. मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही वनौषधी घेऊ नये, तसेच चालू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.