अंडीं खाणारा पिता

अपत्याचें लालनपालन मातेनेंच करावयाचें, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु सयाम देशांतील, म्हणजे आजच्या थायलंडांतील, भातखाचरांच्या उथळ पाण्यांत राहणारा एक बोटाएवढा मासा या समजुतीस अपवाद आहे. त्यास लढाऊ मासा किंवा बेट्टा म्हणतात. १९१० सालीं रीगन या इंग्रज शास्त्रज्ञानें त्यास बेट्टा स्प्लेंडेन्स हें शास्त्रीय नांव दिलें, व २०१९ सालीं थायलंडनें त्यास राष्ट्रीय जलचराचा मान दिला. या जातींत घरटें बांधणें व अंडीं राखणें हीं दोन्ही कामें पित्याचीं असतात.

आम्हीं येथें शिरवळास या माशाची एक जोडी कांचेच्या हौदांत पाळली. नरानें तोंडांतील लाळेचे बुडबुडे जोडून पाण्यावर फेंसाचें घरटें बांधलें. नंतर तो मादीस वेढा घालूं लागला. प्रत्येक वेढ्यासरशी खसखशीसारखीं पांढरीं अंडीं खालीं पडत, आणि नर तीं तोंडानें वेंचून घरट्यांत नेऊन ठेवी. सायंकाळीं मुलांचा आनंद पोटांत मावेना. रात्रीं आम्हीं दिवा घेऊन तीनदां डोकावलों, व नीट दिसावें म्हणून हौदहि खिडकीशीं सरकविला. सकाळीं पाहतों तों घरट्यांत एकहि अंडें नाहीं! मुलांनीं त्या नरास ‘कंस’ असें नांव ठेविलें, व त्यास नीरेंत सोडून द्यावें अशी एकानें सूचना केली. आम्हांसहि क्षणभर तसेंच वाटलें.

परंतु निवाडा करण्यापूर्वी कारण शोधावें, हें शास्त्राचें पहिलें वळण. पिता अंडीं कां खातो?

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, तोंडांत घेतलेलें प्रत्येक अंडें तो गिळीत नाहीं. अंडीं स्वच्छ ठेवण्यासाठीं व घरट्यांतून निसटलेलीं परत ठेवण्यासाठीं तो तीं वारंवार तोंडांत घेतो. जीं मेलीं किंवा ज्यांवर बुरशी धरली, तीं मात्र तो खाऊन टाकतो, आणि त्यामुळें बाकीचीं वांचतात. दुसरें कारण भय. हौद हलला किंवा रात्रीं अकस्मात् उजेड पडला, कीं घरटें सुरक्षित नाहीं असें त्यास वाटूं लागतें. तिसरें कारण भूक. राखणीच्या दिवसांत पित्यास अन्न शोधावयास जातां येत नाहीं. १९७८ सालीं रोव्हर या अमेरिकन शास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, थोडीं अंडीं खाऊन उरलेल्यांच्या राखणीचें बळ मिळविणें हें कित्येक माशांत पित्याच्या हिताचें ठरतें. आणि अंडीं फारच थोडीं असलीं तर सर्व खाऊन पुढील वेळेची वाट पाहणें त्यास परवडतें. चौथें कारण अननुभव. तरुण नराची पहिली खेप पुष्कळदां फुकट जाते.

आमच्या नराची पहिलीच खेप होती, आणि भय तर आम्हींच घातलें होतें. मग आम्हीं पुढील नियम केले. जोडी एकत्र करण्यापूर्वी आठ-दहा दिवस दोघांस डासांच्या अळ्या भरपूर खाऊं घालाव्या. पाणी वीतभरापेक्षां अधिक खोल नसावें, व त्याची उष्णता २६ ते २८ अंश असावी. म्हणून शिरवळच्या थंडींत हा उद्योग करूं नये. देशी बदामाचें एक वाळलेलें पान पाण्यावर सोडावें, म्हणजे घरट्यास आधार मिळतो. अंडीं घालून होतांच मादीस वेगळें काढावें, कारण नर तिला मारतो व तीहि अंडीं खाते. हौदास कागद लावून तो कोणीं हलवूं नये.

अंडीं एक-दोन दिवसांत फुटतात. पिलें आणखी दोन-तीन दिवस शेपटी खालीं करून घरट्यास लोंबकळतात. खालीं पडलेल्यांस पिता उचलून वर ठेवतो. तीं आडवीं पोहूं लागलीं कीं पित्याचें काम संपतें. त्याच दिवशीं त्यास काढावें, नाहीं तर तो त्यांसच भक्ष्य समजेल. पिलांस आरंभीं पाण्यांतील सूक्ष्म जीव द्यावे. एखादा नर दोन-तीन खेपांनंतरहि अंडीं खातच राहिला, तर घरटें पेल्यानें उचलून तितक्याच उष्ण व उथळ पाण्यांत ठेवतां येतें. पण पित्यावांचून बुरशीनें पुष्कळ अंडीं जातात. अशा नराची पुढें पैदास न करणें बरें.

नीरेंत सोडण्याची सूचना मात्र आम्हीं साफ नाकारली. १९५२ सालीं आफ्रिकेंतील तिलापिया भारतांत आणला गेला. तोच आपला चिलापी. आज तो कित्येक जलाशयांत देशी माशांचें अन्न व जागा बळकावून बसला आहे. परका जीव पाण्यांत सोडणें सोपें, परत काढणें अशक्य!

दुसऱ्या खेपेस निम्मीं अंडीं गेलीं. तिसऱ्या खेपेस मुलें पांच दिवस हौदाजवळून चवड्यांवर चालत होतीं. सहाव्या दिवशीं आम्हीं कागद बाजूस केला, तों डोळ्यांच्या ठिपक्यांएवढीं चाळीसएक पिलें पोहत होतीं, आणि पिता एका निसटलेल्या पिलामागें धांवत होता. त्यास तोंडांत घेतलेलें पाहून सर्वांनीं श्वास रोखला. त्यानें तें अलगद घरट्याखालीं सोडलें. त्या दिवसापासून ‘कंस’ हें नांव कोणीं उच्चारलें नाहीं.